उपाशीपोटी घेतलेलं नाव

मिनीबसच्या रांगेत येशीमेबेत अत्सेदेच्या बरीच पुढे उभी होती. तिखटाची पिशवी पायाशी, पांढरी नेतेला डोक्यावरून घेऊन खांद्याभोवती गुंडाळलेली. तिच्या पुढच्या बाईच्या पाठीला एक तान्हं मूल बांधलेलं होतं, आणि सगळी तान्ही करतात तसं ते मागच्या माणसाकडे बघून बोळकं पसरून हसत होतं. बाईने सहज मान वळवली. मागे कोण आहे ते तिला दिसलं, तसा तिने घाईघाईने हात मागे नेऊन पोराच्या तोंडावर शाल ओढली, आणि रांग सोडून अगदी शेवटी, अत्सेदेच्या मागे येऊन उभी राहिली. एवढंच झालं. कंडक्टर दारात लोंबकळत 'मेर्कातो, मेर्कातो' ओरडत होता, रस्त्यापलीकडे कुणीतरी बुटांना पॉलिश करून घेत होतं. येशीमेबेतने वर पाहिलं नाही. रांगेतला एक माणूस कमी झाला म्हणून तिने पिशवी पायाने थोडी पुढे सरकवली.

"देवानं वाचवलं हो तुम्हाला, एतिये," मागची बाई अत्सेदेच्या कानाशी कुजबुजली. एतिये म्हणजे मोठी ताई. गल्लीतल्या सगळ्या बाया तिला असंच म्हणत. "तुमच्या तोंडून नाव निघालं म्हणून आम्हाला कळलं तरी. नाहीतर काय, त्याच बाईचं तिखट आम्ही वर्षानुवर्षं खातोय!" अत्सेदेने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. 'अगं येशी,' एवढी एक हाक मारली असती तरी चाललं असतं. तोंडात जीभ होती, छातीत श्वास होता, येशीमेबेत हाकेच्या अंतरावर होती. मिनीबस भरली, दार धाडकन लागलं, आणि ती गेली. आता तिला तिखट विकायला लांब जावं लागे. जिथे तिला कुणी ओळखत नाही, तिथे.

साखरेच्या आजाराने अत्सेदेचे तळवे केव्हाच बधिर झाले होते. खडा टोचला तर रक्त दिसल्यावर कळायचं. पण हल्ली तिला वाटे, हे वर चढत चाललंय. घोट्यांपासून गुडघ्यांपर्यंत, तिथून पोटात, आणि त्या टेकडीवरच्या दिवसापासून तर पार गळ्यापर्यंत. लोक भेटत, गालाला गाल लावत, ती बरी झाली म्हणून देवाचे आभार मानत, आणि तिला तो स्पर्श जाड घोंगडीतून झाल्यासारखा वाटे. फासिकाचा सण आला आणि गेला. पंचावन्न दिवसांचा उपास सुटला, घरात कोंबडीचं कालवण शिजलं, हिरुतने तिच्या तोंडात स्वतःच्या हाताने पहिला घास भरवला. लेकीच्या हातचा घास. आणि तिला काय कळलं, तर अंडं जरा जास्त उकडलं गेलंय. रडू यावं असं तिला फार वाटे. येत नसे.

तसं बघायला गेलं तर सगळं हिरुतच्या प्रेमातूनच झालं. आईच्या पायाची जखम भरेना, तशी तिने मरियमला शब्द दिला: माझ्या आईला टेकडीवरच्या पवित्र पाण्यावर आणीन, आणि पाणी चालू आहे तोवर घरात औषध शिवू देणार नाही. "दोन्ही एकदम नाही चालत, एमाये," ती म्हणाली होती. "एकावर विश्वास ठेव. देवाला काय वाटेल?" देवाला काय वाटेल ते अत्सेदेला ठाऊक नव्हतं. तिच्या थोरल्या भावाचा पाय मात्र तिने पाहिला होता, आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. ती हो म्हणाली, गोळ्यांची पाकिटं लेकीसमोर कचऱ्यात टाकली, आणि त्यातलं एक मागच्या मागे येशीमेबेतकडे नेऊन दिलं. दोन दगडांवर पाय म्हणा हवं तर. ज्याला एकच पाय उरण्याची भीती असते, तो मिळेल त्या दगडावर उभा राहतो.

येशीमेबेत भिंतीपलीकडे राहायची. एकटी, नवरा नाही, पोर नाही. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावची. बाप मडकी घडवायचा. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी कधी बोलत नव्हतं. शहरात अशा गोष्टी बोलायच्या नसतात. गावाकडे म्हणे कुंभार-लोहारांच्या नजरेला भितात; ते माणसाला नुसतं बघून खातात, आतून पोखरतात, रात्री तरस होऊन हिंडतात. असल्या गोष्टी आज्यांनी सांगायच्या आणि शिकलेल्या पोरींनी हसून सोडायच्या. अत्सेदे तर तीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत काम केलेली बाई. पण हिरुत तान्ही असताना येशीमेबेत पहिल्यांदा घरी आली, 'किती गोड गं पोर' म्हणाली, आणि अत्सेदेचा हात आपोआप बाळाच्या तोंडावर गेला होता. दुपटं सारखं केल्यासारखं करून तिने तो काढून घेतला. येशीमेबेतला ते दिसलं असणार. ती कॉफी प्यायली, कप उपडा ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी परत आली. त्यानंतर रोज येत राहिली. मैत्री म्हणजे दुसरं काय असतं, असं अत्सेदेला पुढे अनेकदा वाटलं होतं. आज रांगेत त्या बाईचा हात मागे गेला, तेव्हा तिला तो स्वतःचाच हात वाटला.

त्या दिवशी पहाटे टेकडीवर जायचं होतं. हिरुत टॅक्सी बघायला गेली, तेवढ्यात अत्सेदे भिंतीपलीकडे गेली. येशीमेबेतने गोळी तळहातावर ठेवली, छोटी, पांढरी, बाजरीच्या दाण्याहून जरा मोठी. आणि दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा.

"आधी खा."

"पाणी उपाशीपोटी प्यावं लागतं. माहीत नाही का तुला?"

"मग गोळी ठेव इथे. आल्यावर घे."

"मला दोन्ही पाहिजे."

"अगं, गाढव तरी एका वेळी एकाच वाटेनं जातं!" येशीमेबेत म्हणाली. अत्सेदे हसली, आणि तेवढ्यात गोळी गिळून मोकळीसुद्धा झाली. येशीमेबेतने कपाळावर हात मारला. नेतेलाच्या टोकाला साखरेचा खडा बांधलेला असायचा तिच्या, अत्सेदेसाठीच. मागे दोनदा अत्सेदेचे हात थरथरले होते तेव्हा तिनेच तो तोंडात कोंबला होता. ती गाठ सोडायला लागली, आणि बाहेरून हिरुतची हाक आली. अत्सेदे निघाली.

पुढचं तिला तुकड्यांनी आठवतं. निलगिरीच्या झाडांतून येणारा गार वारा आणि त्यात आपल्यालाच सुटलेला घाम. बायकांची लांब रांग, सगळ्या पांढऱ्यात. ओठ जड झाले, जिभेला आपलं तोंड ओळखेना. पोटाच्या जागी भोक पडलं होतं आणि त्यातून सगळं खाली सांडत होतं, दिवस, माणसं, स्वतःचं नाव. भूक म्हणतात ती ही नव्हे. ही दुसरीच कुणीतरी. पाण्याचा फटकारा तोंडावर बसला तशी ती किंचाळली, आणि आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या, कारण किंचाळणारं माणूस तिथे महत्त्वाचं. तिथल्या धर्मगुरूने, अब्बाने, क्रूस तिच्या कपाळावर टेकवला. म्हातारा, दयाळू माणूस. त्याच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. "कोण आहेस तू?" त्याने विचारलं. तिथे असंच विचारतात. अंगात शिरलेल्याला आपलं नाव सांगावंच लागतं, कुणी धाडलं, कुठून शिरलो, ते सगळं कबूल करावं लागतं, तेव्हाच तो सुटतो. "कुणी धरलंय हिला? नाव सांग!"

आणि तिला जगात एकच नाव आठवत होतं. ज्या बाईच्या पदराला साखर होती, तिचं. "येशी," ती ओरडली, "येशीमेबेत!"

"काय पाहिजे तुला?"

"दे! तोंडात दे!"

"काय खाल्लंस हिचं?"

"भूक... भूक लागलीय."

मग सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. अब्बाने आणखी पाणी मारलं, तिला खाली बसवलं, आणि सुटलेल्या माणसाला देतात तसं मध घातलेलं जवाचं पीठ तिच्या तोंडात भरवलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, "हिरुत, माझी चप्पल कुठाय?" बायकांनी आनंदाने जिभा वळवून किलकाऱ्या मारल्या. हिरुत आईचे पाय धरून रडत होती. घरी येताना टॅक्सीत तिने सांगितलं, "अंगातल्यानं नाव सांगितलं, एमाये! सगळ्यांसमोर! इतकी वर्षं आपल्या घरात बसून कॉफी पीत होती, आणि आपल्याला कळलं नाही." अत्सेदे खिडकीबाहेर बघत होती. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हिरुतचा चेहरा लहानपणी सणाच्या दिवशी असायचा तसा उजळला होता. अत्सेदेला वाटलं, उद्या सांगू. उद्या सांगायची गोष्ट परवा जड होते, आणि आठवड्याने तर ती उचलतच नाही.

मिनीबस गेल्यावर ती चालतच आरोग्य केंद्रात गेली. बाकावर दाटी होती. सिस्टर फ्रेहिवोतने बोटाला सुई टोचली, आकडा बघितला, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत विचारलं, "मधे कधी साखर उतरली होती का? घाम, थरथर, वेड्यासारखं बोलणं?"

"उतरली होती."

"गोळी घेतली होतीत?"

"हो."

"आणि खाल्लं काय होतंत?"

"काही नाही. पाणी उपाशीपोटी प्यावं लागतं."

सिस्टरने सुस्कारा सोडला. तिच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. "मीही जाते हो तिथे. पाण्याशी माझं भांडण नाही. पण ही ग्लिबेनक्लामाइड कशी आहे सांगू? तुमच्या पोटात एक ग्रंथी आहे, स्वादुपिंड. दमलेली बाई आहे ती. ही गोळी तिला दटावून उठवते, म्हणते चल, चूल पेटव. घरात पीठ आहे की नाही हे गोळी विचारत नाही. पीठ नसलं तर ती चूल घरच जाळणार. वाचलात, नशीब समजा."

"मी नाव घेतलं," अत्सेदे म्हणाली. "शेजारणीचं."

"घेणारच. बुडताना माणूस कुणाला तरी हाक मारतोच."

हाक. अत्सेदेला हे माहीत नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा आत कुठेतरी काहीतरी टोचलं. तिने घाईने विचारलं, "सिस्टर, तुम्ही आमच्या गल्लीत येऊन हे सांगाल का? बायकांना?"

सिस्टर हसली. "एतिये, बाहेरचा बाक बघितलात ना? तुमच्या तोंडाला काय झालंय?"

दुपारी हिरुतने कॉफीचा घाट घातला. जमिनीवर गवत अंथरलं, निखाऱ्यावर बिया भाजल्या, धुराचं भांडं सगळ्यांच्या नाकाखालून फिरवलं. शेजारची झेनेबेच आली, समोरच्या दोघी आल्या. भिंतीपलीकडून येशीमेबेत परतल्याची चाहूल लागली, कडी वाजली, पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. भाजलेल्या कॉफीचा वास भिंत थोडीच अडवते? एरवी त्या वासासरशी ती दारात हजर व्हायची, 'माझ्याशिवाय सुरू केलंत वाटतं, मेलींनो' म्हणत. बायका आणखी मोठ्याने बोलायला लागल्या. अत्सेदेने कप खाली ठेवला.

"मला सांगायचंय," ती म्हणाली. "मला कुणी धरलं नव्हतं. मी गोळी घेत होते. हिरुतला चोरून. त्या दिवशीही घेतली आणि काही खाल्लं नाही, म्हणून तसं झालं. मी येशीला हाक मारत होते. तिच्याकडे साखर असते म्हणून."

तिने हे वाक्य इतक्या वेळा मनात घोळवलं होतं की ते अगदी कोरडं, पाठ केल्यासारखं बाहेर आलं. हिरुतच्या हातातली कॉफीची सुरई, जेबेना, तिरपी झाली, कॉफी गवतावर सांडली. "गोळी घेतलीस? मी मरियमला शब्द दिला होता, एमाये! माझ्या शब्दाची काही किंमत? मी गुडघ्यांवर चढले ती टेकडी!"

"ओरडू नकोस तिच्यावर," झेनेबेच हळूच म्हणाली. ती वाईट बाई नव्हती; अत्सेदेच्या आजारपणात रोज पिठलं-इंजेरा घेऊन येणारी तीच. "अगं, हे हिचं बोलणंच नाहीये. दिसत नाही का तुला? आवाज बघ कसा आहे. खाल्लेलं माणूस खाणाऱ्याचीच बाजू घेतं, माझी आजी सांगायची. पकड अजून सुटलेली नाही." आणि मग अत्सेदेकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं: "एतिये, गोळ्या कुठे ठेवल्या होत्यात तुम्ही?"

"तिच्याकडेच. येशीकडे. रोज सकाळी ती द्यायची."

समोरच्या दोघींपैकी एकीने छातीवर क्रूसाची खूण केली. अत्सेदेला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. म्हणजे रोज सकाळी. कुंभाराच्या लेकीच्या हातून. उपाशीपोटी. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं, कारण आता ती जे जे सांगेल ते सगळं त्याच मापात बसणार होतं. हिरुतचा राग एकदम ओसरला होता. तिने आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं, डोळ्यांत पाणी, आणि सुटकाही: तिच्या आईने शब्द मोडला नव्हता, आईकडून मोडवला गेला होता. "उद्या परत जाऊ पाण्यावर," ती म्हणाली. "घाबरू नकोस, मी आहे." किती प्रेमाने म्हणाली ती. मान डोलावली असती की संपलं असतं. सगळ्या बायका तिच्याभोवती होत्या, कॉफीची दुसरी फेरी यायची होती, आणि पुन्हा ते घोंगडीतलं ऊबदार बधिरपण. अत्सेदे उठली. "एमाये, कुठे?" हिरुत म्हणाली. "एमाये!"

भिंतीपलीकडे जायला अंगणातून वळसा घालावा लागे. येशीमेबेतच्या दारात पूर्वी तिखटाची टोपली असायची, ती नव्हती. अत्सेदेने दार वाजवलं. आत हालचाल झाली, मग काहीच नाही.

"मी आहे," अत्सेदे म्हणाली.

दार थोडं उघडलं. आत अंधार होता, तिखटाचा झणका होता. येशीमेबेत दाराआड उभी होती, नुसता खांदा दिसत होता.

"मी तुला हाक मारत होते, येशी. त्या दिवशी. साखरेसाठी."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"ज्या दिवशी ऐकलं त्याच दिवशी कळलं. साखर माझ्याकडेच होती ना. खाल्लं नव्हतंस, तेही मीच बघितलं होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"कोण ऐकणार होतं माझं?" येशीमेबेतचा आवाज चढला नाही. "म्हटलं, तू सांगशील. आज सांगेल, उद्या सांगेल. रोज भिंतीला कान लावून बसायची. नंतर नंतर नाही बसले."

अत्सेदेला लाज वाटली. इतकी की पायांपासून वरपर्यंत सगळं अंग जागं झाल्यासारखं झालं, आणि तिला वाटलं, आता रडू येईल. "मी सांगितलं," ती म्हणाली. "आत्ताच सांगितलं. सगळ्यांसमोर."

"ऐकलं मी. झेनेबेच काय म्हणाली, तेही."

"म्हणू दे. मला आत येऊ दे, येशी."

ती दार ढकलून पुढे झाली, तशी येशीमेबेत झटकन मागे सरली आणि दोन्ही हातांनी नेतेला कपाळावरून खाली, डोळ्यांवर, पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली. त्या पांढऱ्या कापडाखाली तिचं तोंड हलताना दिसत होतं.

"तिथेच थांब. काल झेनेबेचचा नातू माझ्या दारात खेळत होता. मी नुसतं बघितलं गं त्याच्याकडे. हसले. रात्री ताप भरला त्याला."

"अगं, पोरांना ताप येतो!"

"येतो. मलाही माहीत आहे, येतो." ती भिंतीला टेकली. अत्सेदेने हात पुढे करून तिच्या तोंडावरचं कापड धरलं, पण येशीमेबेतने ते आतून मुठीत इतकं घट्ट आवळलं होतं की हलेना.

"सोड, अत्सेदे," ती म्हणाली. "मी तुझ्याकडे बघणार नाही. तुझा पाय अजून भरायचाय."